वरातीच्या चालीची गाडी

लवूदादाला गाड्यांमधलं सगळं कळतं असा आमच्या चाळीचा समज आहे, आणि तो समज लवूदादानेच पसरवलेला आहे. लालबागच्या आमच्या चाळीत कोणाची स्कूटर सुरू झाली नाही की पहिली हाक त्याला. तो खाली येतो, स्कूटरभोवती एक प्रदक्षिणा घालतो, "हम्म" म्हणतो आणि मेकॅनिकचा नंबर देतो. पण चालवावी मात्र त्यानेच. त्याच्या चालत्या गाडीत बसून मी गजरे ओवलेत, सुई कधी बोटाला लागली नाही.

मी मीनाक्षी, त्याच्या शेजारच्या खोलीतली. सख्खी बहीण नव्हे, पण ओरडायचा हक्क सख्ख्या बहिणीचा. आमचा धंदा जोडीचा आहे. लग्नातली नवरा-नवरीची गाडी लवूदादा चालवतो आणि ती गाडी फुलांनी मी सजवते. त्याचे वडील गिरणीत होते. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा ऐन विशीतल्या लवूदादाने स्टिअरिंग धरलं ते अजून सोडलेलं नाही. आधी दुसऱ्याची गाडी, मग स्वतःची. गिरगाव, परळ, दादर, कुठकुठल्या पोरी त्याने सासरी पोचवल्या! आता त्या पोरींच्या पोरी येतात आणि सांगतात, "काका, आईला तुम्हीच नेलं होतं."

गेल्या वर्षी त्याची स्वतःची गाडी म्हातारी झाली. डिझेलची होती, मुदत संपली, काढून टाकावी लागली. तेव्हापासून तो दुसऱ्या मालकांच्या गाड्या आणून धंदा करत होता. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या एकुलत्या एक पोरीचं, मेघनाचं लग्न ठरलं. मुलगा दादरचा, उन्मेष, शांत आणि चष्मिस. लग्न माघात, हॉल परळचा, वरात परळहून दादरला.

मेघना फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे आवाजात जरब आलीय. तारीख ठरली त्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसणार नाही. बाबांची स्वतःची गाडी पाहिजे आणि चालवणार बाबाच. नाहीतर सरळ टॅक्सीला हात करून सासरी जाईन."

"अगो, नवरीचा बाप कधी वरातीची गाडी चालवतो?" लक्ष्मीवहिनी, म्हणजे तिची आई, म्हणाली.

"ह्या नवरीचा चालवतो," मेघना म्हणाली, आणि विषय संपला.

लवूदादा त्या दिवशी असा फुलला होता की विचारू नका. माझ्या फुलांच्या टोपलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "मीनाक्षे, आता घेणार तर झ्याक घेणार. लांबलचक. मोतिया रंगाची. मागच्या सीटवर शालू पसरून बसली पाहिजे आपली मेघना, माझा चेडू."

आता ही लांबलचक गाडी म्हणजे काय ते ऐका. हल्ली उंच उंच जीपसारख्या गाड्यांची फॅशन आहे, पण नऊवारी नेसून त्यात चढायचं म्हणजे नवरीला मागून ढकलावं लागतं. मी ढकललंय, म्हणून सांगते. शिवाय त्या गाडीचं नाक आखूड, फुलं मांडायला जागा नाही. वरातीला बसक्या, लांब नाकाच्या, श्रीमंती गाडीची सर कशालाच नाही. म्हणजे कुठली जातकुळी घ्यायची ते ठरलेलं होतं. पैशांचं त्याने आणि बँकेने बघून घेतलं होतं, त्यात मी पडले नाही. घोडं अडलं ते भलतीकडेच.

झालं असं की अशा गाडीत तीन तऱ्हा निघाल्या. एकीत इंजिन मागच्या चाकांना फिरवतं. दुसरीत चारी चाकांना. आणि तिसरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटरही. हळू चाललात की बॅटरी, जोर लागला की इंजिन, आणि कधी काय वापरायचं ते गाडी स्वतः ठरवते. चाळीत ही बातमी पोचली मात्र, ज्याने आयुष्यात सायकल घेतली नव्हती तोसुद्धा मत द्यायला गॅलरीत उभा!

लवूदादाचा पुतण्या स्वप्नील बँकेत आहे, पण त्याचा जीव मोबाइलवरच्या गाड्यांच्या व्हिडिओत. तो म्हणाला, "काका, डोळे मिटून चारी चाकंवाली घे. गणपतीला गावी जातो तेव्हा घरापाशी तो लाल चिखल असतो ना? तिकडे बाकीच्या गाड्या रुततात, ही सरसर वर येईल."

"अरे, वर्षातनं एकदा गावाक जातव," लवूदादा म्हणाला. "बाकी वर्ष काय लालबागमदी चिखल शोधत फिरू?"

त्याचा स्वतःचा ओढा मागच्या चाकांकडे. "गाडी मागून ढकलली पाहिजे," तो म्हणायचा. "पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. दोन्ही कामं एकाच चाकांना दिली की चाल बिघडते." हे बोलताना तो दोन्ही हातांनी हवेत गाडी चालवून दाखवायचा आणि समोरच्याच्या चहाला धक्का लागायचा.

आणि हायब्रिड? हायब्रिडचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. "अर्धी बॅटरी, अर्धा पेट्रोल. धड ना ह्या, धड ना त्या."

मग सुरू झाल्या शोरूमच्या वाऱ्या. आज वरळी, उद्या प्रभादेवी. लवूदादा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचा, गार हवेत कॉफी प्यायचा, दरवाजे उघडून-मिटून बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, "बरी आहे. पण अजून एक बघू." एका शोरूममध्ये सीट फार खोल, दुसऱ्या ठिकाणी आरसा लहान, तिसरीकडे म्हणे हॉर्नचा आवाज उद्धट. दसरा गेला, दिवाळी गेली. तुळशीची लग्नं लागली तरी ह्याची गाडी ठरेना. गाडी बुक केली की हातात यायलाही वेळ लागतो, तो रंग हवा तर आणखी वेळ. माझा जीव टांगणीला! कारण मेघना बोलते ते करते. शालू नेसून टॅक्सीला हात करताना ती मला दिसायला लागली.

शेवटी मी लक्ष्मीवहिनीला गाठलं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. "वहिनी, ह्या माणसाला झालंय काय? ह्याला गाडी नकोय का?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "ह्यांका गाडी नको असा नाय गो मीनाक्षी. ह्यांका चेडवाक धाडूचा नाय हा. गाडी ठरली की लग्न खराच झाला."

मी मटकन खालीच बसले. एवढी साधी गोष्ट, आणि मी आपली चाकं मोजतेय! मला त्याची दया आली, आणि दया आली की माझं डोकं फिरतं. दया दाखवत बसले असते तर माघ उजाडला असता. मी तशीच उठून त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "लवूदादा, उद्या मी येणार शोरूममध्ये. बोनेटवर माझी फुलं असतात. गाडी मी बघणार."

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"तुला फुलातलं काय कळतं? तरी मी ऐकते ना तुझं?"

खरं सांगते, माझी एक जुनी तक्रार होतीच. वरात म्हणजे मुंगीच्या पावलाने जाणार. पुढे नाचणारे हलत नाहीत, गाडी जागच्या जागी धडधडत राहते, बोनेट तव्यासारखं तापतं, आणि पहाटे दादरच्या फूलबाजारात उभी राहून निवडलेला माझा निशिगंध नवरीच्या सासरी पोचेपर्यंत उकडलेली भाजी होतो. फोटोत सगळं छान दिसतं, कारण फोटो आधी काढतात. सासूबाई बघतात ती भाजी.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही प्रभादेवीच्या शोरूममध्ये गेलो. मी, लवूदादा, वहिनी आणि सुट्टी टाकून आलेली मेघना. वहिनी हिंदमाताच्या कापडबाजारातून मानपानाच्या साड्या घेऊन परस्पर आलेली, त्यामुळे दोन्ही हातांत पिशव्या. तिथे विनीत नावाचा मुलगा होता. टाय लावलेला, गोड बोलणारा, आणि लवूदादा इतक्यांदा येऊन गेला तरी न वैतागलेला. त्याचं मला तेव्हाच कौतुक वाटलं.

"काका, आज हायब्रिडची राइड घेऊन बघा," तो म्हणाला. "अजून तुम्ही तिच्यात बसलाच नाहीत."

"पावसात हिंदमाताला पाणी भरलं तर तुझ्या बॅटरीचं काय?" लवूदादाने एकदम हुकमी पत्ता टाकला.

"बॅटरी बंद पेटीत असते, काका. पण खरं सांगू? तेवढ्या पाण्यात मी माझ्या शत्रूचीही गाडी घालणार नाही. मग ती कसलीही असो."

"बरा बोलतो," वहिनी माझ्या कानात म्हणाली. "ह्याचा लग्न झाला काय गो?"

लवूदादाला दुसरा मुद्दा सुचला. "आणि चार्जिंग? आमच्या चाळीत प्लग खाली नाय. तिसऱ्या माळ्यावरनं वायर सोडू?"

"हिला वायर लागतच नाही. चालता चालता स्वतःच चार्ज होते."

तो तिसरा मुद्दा शोधायच्या आत मी पिशवीतून फुलं काढली. झेंडूच्या माळा, निशिगंधाच्या कांड्या, मध्ये लावायला गुलाब. विनीतचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, हे..."

"गाडीला पट्टी चिकटवणार नाही, ओरखडा येणार नाही. दोऱ्यावर बांधते, खाली फडकं घालते. जाऊन विचार तुझ्या साहेबांना." तो गेला आणि हसत परत आला. साहेबांनी म्हणे कपाळाला हात लावला, पण होकार दिला. मी झटपट गाडी सजवली. मेघना मागे बसली, कारण वजन नवरीचंच पाहिजे. शेजारी वहिनी आणि साड्यांच्या पिशव्या. मी दुसऱ्या बाजूला अंग चोरून बसले आणि विनीत पुढे.

"काका, पुढे मोकळा रस्ता मिळाला की पिकअप बघा. शंभरला कशी जाते ते—"

"शंभर?" लवूदादा म्हणाला. "माका पाच दाखव."

आणि त्याने खरोखर पाचच्या चालीने गाडी काढली. प्रभादेवीहून परळ, परळहून लालबाग, अगदी वरात चालते तशी. मागून हॉर्नचा कल्लोळ. एका टॅक्सीवाल्याने बाजूला येऊन काच खाली केली. तो आता शिव्या देणार म्हणून मी पदर खोचला, तर त्याने फुलं पाहिली, मागे मेघना पाहिली आणि हात जोडून म्हणाला, "सुखी राहा पोरी!" मेघना जीन्समध्ये होती, पण त्याला कुठे दिसतंय!

गाडीत मात्र चिडीचूप. इंजिन नाही, थरथर नाही. लवूदादाने सिग्नलला घाबरून चालू करायचं बटण दाबलं, तर गाडी बंद पडली, कारण ती चालूच होती. विनीतने न हसता पुन्हा चालू करून दिली. मग मधेच कधीतरी बॅटरी उतरली तसं इंजिन आपोआप गुरगुरलं, थोडा वेळ चाललं आणि परत गप्प झालं. मी दर सिग्नलला उतरून बोनेटला हात लावत होते. अगदी गार नव्हतं हो, खोटं कशाला बोलू? पण फुलं जिवंत होती. निशिगंध ताठ होता. मला तर तिथेच गाडीचा मुका घ्यावासा वाटला.

आणि मग आम्ही आमच्या गल्लीत वळलो, आणि घात झाला.

गल्लीच्या तोंडाशी वसंताची बेंजो पार्टी प्रॅक्टिस करत होती. वसंता म्हणजे आमच्या निम्म्या वरातींचा वाजंत्री. लवूदादाची सजलेली गाडी मुंगीच्या पावलाने येताना दिसली की त्याचे हात आपोआप चालतात, इतक्या वर्षांची सवय आहे ती. त्याने काही विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ गाडीपुढे येऊन सुरू केलं. ढोलकी घुमली. बेंजो कडाडला. गॅलऱ्या भरल्या. पोरं खाली धावली. मसाला कुटायच्या डंकावरच्या बायका लाल झालेल्या हातांनी तशाच बाहेर आल्या. "कोणाचं लग्न?" "लवूचं काय रे?" "गप, लवूच्या मेघनाचं!"

"मेघनाचं? आणि आम्हाला बोलावलं नाही?" हा आवाज मालनआजींचा. तळमजल्यावर राहतात, नव्वदीला आल्यात, पण आवाज असा की बेंजो थांबावा. त्या काठी टेकत आल्या, खिडकीतून मेघनाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि रडायलाच लागल्या. "लक्ष्मी, चोरून लग्न लावलंस गो! जावई खंय? हा टायवाला?"

विनीत पुढच्या सीटवर लालबुंद. "आजी, मी शोरूमचा..." पण त्याचं कोण ऐकतंय? पोरांनी दार उघडून त्याला बाहेर ओढला आणि खांद्यावर हात टाकून नाचवला. आधी बिचारा लाजला, मग असा नाचला की टाय पाठीवर गेला. मेघना हसून हसून सीटवर आडवी. वहिनीने डोक्यावर पिशवी धरली होती, का ते तिलाच ठाऊक. मी उतरले आणि नाचले. का नाही नाचायचं? फुलं माझी होती!

ह्या सगळ्यात लवूदादा स्टिअरिंग धरून बसला होता. गाडी तसूभर पुढे, थांब, तसूभर पुढे. मी नाचता नाचता काचेतून पाहिलं, तर तो समोर बघतच नव्हता. तो मधल्या आरशात बघत होता. मागे मेघना हसत होती आणि हा रडत होता. मग त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली, खाली उतरला आणि म्हणाला, "नको. ही गाडी नको."

बेंजो थांबला. विनीत टाय शोधत धावत आला. "काका, काय झालं? काही चुकलं का?"

"गाडीत चूक नाय रे. हिला आवाज नाय." तो बोनेटला टेकला, माझ्या झेंडूवरच, तरी मी गप्प राहिले. "मी इतकी वर्षं पोरी पोचवल्या. सगळ्या मागे बसून रडतात. इंजिनाचा आवाज असला की पुढे नीट ऐकू येत नाय. मी समोर बघून चालवतो. हिच्यात सगळं ऐकू येणार. मेघना हुंदका देईल आणि मला ऐकू येईल. मग माझ्याच्याने नाय चालवणार."

"बाबा, मी रडणारच नाहीये," मेघना म्हणाली.

"तू नाय गो," लवूदादा म्हणाला. "मी."

मालनआजींना कोणीतरी कानात खरं काय ते सांगत होतं. आणि मला राग आला, असला राग आला! म्हटलं, "लवूदादा, तू एवढ्यासाठी दिवाळी घालवलीस? मागची चाकं, चारी चाकं, हॉर्न उद्धट, आणि खरं कारण हे? मग रड ना! बाप आहेस, रडशील नाही तर काय करशील? ऐकू येऊ दे तिला. तिने टॅक्सीने जायचं म्हटलं तर काय तू सुटलास? टॅक्सीत ती गेलेली तुला चालेल? तुझ्याशिवाय कोण नेणार तिला इतक्या हळू?"

शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. त्यावर मेघना गाडीतून उतरली आणि तिने बापाच्या कमरेला मिठी मारली. जरबबिरब काही नाही, लहानपणी मारायची तशी. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं पाहिजे म्हणूनच तुम्ही पाहिजे. नाहीतर ड्रायव्हर काय कोणीही मिळतो."

लवूदादाने नाक शिंकरलं, फडक्याने डोळे पुसले. फडकं माझं, बोनेटवरचं. मग विनीतकडे वळून म्हणाला, "मोतिया रंग मिळेल ना रे? माघाच्या आत?"

वसंताने पुन्हा सुरू केलं. विनीत आता कोणी न ओढता नाचला.

गाडी पौषात आली. आधीच्या दिवसांचं काही सांगत नाही, हळदीला वहिनीने मला कशी रंगवली तेही सांगत नाही, नाहीतर रात्र व्हायची. एकच सांगते, लग्न दणक्यात झालं. उन्मेषची आई मृणालिनीताई आणि वडील शरच्चंद्रराव, दोघंही जुन्या कचेरीतली नेमस्त माणसं. पण वडे-सागोतीला नाही म्हणाली नाहीत. विनीत आला होता, झब्ब्यात. मालनआजींना पहिल्या रांगेत बसवलं, कारण ह्या वेळी चूक झाली असती तर त्यांनी मांडव पाडला असता.

मग पाठवणीची वेळ आली. गाडी हॉलच्या दाराशी लावलेली. मी त्या दिवशी जीव ओतला होता, नाकापासून काचेपर्यंत पांढरा निशिगंध आणि मधे एकच ओळ लाल गुलाबांची. मेघना वहिनीच्या गळ्यात पडली. ती रडणार नव्हती ना? ती इतकी रडली की उन्मेषचा चष्मा तिने ओला केला. वहिनीने ओटी भरली. नवरा-नवरी मागे बसली. दार लागलं. पुढे वसंताची माणसं तयार. लवूदादा कडक शर्टात स्टिअरिंगवर बसलेला.

आणि गाडी हलेना.

आम्हाला वाटलं, आता निघेल, मग निघेल. विनीत धावत खिडकीशी गेला, वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, गाडी चालू आहे. पण काका निघत नाहीयेत."

मी गेले. "लवूदादा, चल की! तिकडे दारात माप भरून ठेवलंय."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांब गो. अजून कोणी आलो नाय खिडकीशी."

मग माझ्या लक्षात आलं. पाठवणीला दर वेळी हे होतंच. सगळं झालं, दार लागलं की नवरीचा बाप शेवटी एकटाच ड्रायव्हरच्या खिडकीशी येतो. मोठा साहेब असो की हमाल असो, येतोच. काचेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "सावकाश न्या हां." लवूदादा मान हलवतो, ठरलेलं उत्तर देतो, आणि मगच गाडी सुटते. इतक्या वर्षांत तो त्याशिवाय कधी निघालेला नाही. आज येणार कोण? बाप तर आत बसलेला.

मी म्हटलं, मी सांगू का? त्याने मान हलवली. नाही. वहिनी पुढे झाली, तिलाही त्याने हाताने थांबवलं. मग त्याने दार उघडलं आणि उतरला. दार लावून घेतलं. काच खाली होती. तो बाहेरून खिडकीशी वाकला, काचेच्या कडेवर हात ठेवला आणि आतल्या रिकाम्या सीटला म्हणाला, "सावकाश न्या हां. एकुलती एक आहे आमची."

कोणी हसलं नाही. वसंताने बेंजो छातीशी धरला होता. मागे मेघनाने तोंडावर हात दाबला.

लवूदादाने डोळे पुसले. दार उघडलं, आत बसला, पट्टा लावला. आणि मघाशी जिथे तो उभा होता त्या मोकळ्या जागेकडे बघून, सगळ्या बापांना द्यायचा त्याच आवाजात त्याने उत्तर दिलं, "काळजी करू नका. माझीच पोरगी समजा."

बेंजो सुरू झाला आणि गाडी आवाज न करता निघाली.